एक्केचाळिसाव्या कॅसेटवरचे पक्षी

३ तारीख, सोमवार

आजपासून परत कामावर. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, हात शिवशिवत होते. संग्रहालयाच्या पक्षी विभागात त्रेसष्ट जुन्या कॅसेटी पडून आहेत, त्या कॉम्प्युटरवर उतरवून द्यायच्या. चार आठवड्यांचं काम. आयुष्यभर स्टुडिओत माणसांचे आवाज भरले, आता पक्ष्यांचे.

विभागप्रमुख बाई माझ्या लेकीच्या वयाच्या. म्हणाल्या, "पक्ष्यांतलं काही कळतं का?"

"कावळा ओळखतो."

"पुरे. आम्हाला तुमचे कान हवेत."

सगळ्या कॅसेटी एकाच कुळाच्या आहेत, झुडपी खाटीक. प्रत्येक कॅसेटचं एक पत्रक भरायचं. जात, जागा, वेळ आणि शेवटचा रकाना 'पक्षी किती'. बाई म्हणाल्या, "तो रकाना जपून भरा. ही मंडळी जोडीने गातात. नराने सुरुवात करायची, मादीने पुरी करायची. मध्ये इतकीही फट नसते. कित्येक वर्षं पुस्तकांत हे एकाच पक्ष्याचं गाणं म्हणून छापलं जात होतं."

घरी येऊन हिला सांगितलं. ही म्हणाली, "कावळा तरी नीट ओळखता का?"

संध्याकाळी लेकीचा फोन. "बाबा, तेवीसला रविवारी येतेय मी. या वेळी तुम्हाला घेऊनच जाणार. खोली तयार आहे, खिडकी बागेकडे उघडते." मी म्हटलं, बघू. ती म्हणाली, "बघू नाही, बाबा."

हे घर सोडायचा माझा विचार नाही. हिचाही नाही.

५ तारीख, बुधवार

मेलेले पक्षी ज्या खणांत ठेवतात, ते सांभाळणारे एक गृहस्थ आहेत. सगळे त्यांना खणमास्तर म्हणतात. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला खण उघडून दाखवले. पक्षी उताणे, ओळीने, डोळ्यांच्या जागी कापूस. पायाला चिठ्ठ्या.

"खरा खाटीक हा," त्यांनी एक राखाडी पक्षी उचलला. "तारेवर उघड्यावर बसतो. किडा पकडला, सरडा पकडला की काट्याला टोचून ठेवतो. दुकानात आकड्याला मटण लावतात ना, तसं. म्हणून नाव खाटीक. आणि हे तुमचे झुडपी. चोच तशीच आकड्याची, म्हणून शंभर वर्षं यांच्याच कुळात कोंबले होते. पण हे टोचणारे नव्हेत. दाट झुडपात लपून राहतात, दिसत नाहीत, नुसते ऐकू येतात. मग कुणी हाडं बघितली, कुणी रक्त बघितलं, आणि ठरलं की हे खाटीकच नव्हेत, खाटकांसारखे दिसणारे दुसरेच कोणी. वेगळं कूळ, वेगळे खण. त्यातलेही काही आता तिसरीकडे गेले."

"म्हणजे सगळं चुकलेलं होतं?"

"चुकलेलं कसलं? दर पंधरा वर्षांनी कुणी शहाणा येतो आणि माझे खण हलवतो. पक्ष्याचं काय जातं, तो मेलाय. कंबर माझी जाते."

एकेका पक्ष्याच्या पायाला चार चार चिठ्ठ्या. जुनी कापायची नाही, नवी शेजारी बांधायची, असा नियम आहे. कोण काय समजत होतं, तेही राहिलं पाहिजे.

परतताना त्यांनी एक नर दाखवला. काळी पाठ, पांढरं पोट. चिठ्ठीवर बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'आवाज लावून बाहेर काढला'.

८ तारीख, शनिवार

काम मार्गी लागलंय. ज्याने हे आवाज भरले तो ध्वनिमुद्रक आता हयात नाही, पण त्याची वही आहे आणि ज्यावर भरले ते खांद्याला लटकवायचं यंत्रही कपाटात आहे. वही नीटनेटकी. माणूस माझ्यासारखाच असावा, लिहिलं नाही तर झालंच नाही असं मानणारा.

खणमास्तरांनी दाखवलेल्या काळ्या पाठीच्या नराची नोंद सापडली. तशीच उतरवून ठेवतो.

'चौदा तारीख. जोडी पाच दिवस ऐकतोय, एकदाही दिसली नाही. सकाळी दोघांचं भरून घेतलं. मग त्यातला मादीचा आवाज तेवढा लावला. नर लगेच बाहेर आला. घाई नव्हती. झुडपाच्या शेंड्यावर येऊन बसला, मान तिरकी करून ऐकत राहिला. संग्रहासाठी घेतला.'

घेतला म्हणजे मारला. या लोकांची भाषा अशी आहे.

त्याखाली, 'सोळा तारीख. मादी दोन्ही बाजू म्हणते आहे. नराची आणि स्वतःची. न अडखळता.'

हे वाचून मी वही मिटली आणि चहा प्यायला गेलो. चहा गार होईपर्यंत तसाच बसून होतो म्हणे, खणमास्तर सांगत होते.

११ तारीख, मंगळवार

जिन्यात खालच्या वहिनी भेटल्या. "भाऊ, पाहुणे आलेत का वर?"

"नाही, का हो?"

"नाही, दोन माणसांचं बोलणं ऐकू येतं ना, म्हणून विचारलं." आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.

संध्याकाळी लेकीचा फोन आला तेव्हाच कळलं की वहिनींचं तिलाही विचारून झालंय. लेक हळू आवाजात म्हणाली, "बाबा, आई जाऊन सात महिने झाले."

"मोजता येतं मला."

"मग तुम्ही बोलता कुणाशी?"

मी म्हटलं, रेडिओ.

निदान इथे तरी खरं लिहितो. ही गेली हे मला पक्कं ठाऊक आहे, माझ्या हाताने सगळं केलंय. वेड लागलेलं नाही. सुरुवातीला तिच्या वाटचं मीच बोलायचो. सदतीस वर्षं ऐकलेलं, कुठल्या प्रश्नाला काय उत्तर येणार हे काय मला माहीत नाही? "चावी कुठंय?" विचारायचं आणि तिच्या सुरात "नाकाखाली" म्हणायचं. घर रिकामं वाटू नये, इतकंच.

पण महिनाभर झाला, मी बोलल्याचं मला आठवत नाही. उत्तर तर येतं.

हेच मला पक्कं करून घ्यायला हवं. मी इथे एकटा असेन, तर लेकीचं बरोबर आहे, निमूट जावं. एकटा नसेन, तर जायचं कसं?

१४ तारीख, शुक्रवार

एक्केचाळिसावी कॅसेट लावली. तारीख पंचवीस, म्हणजे नराला मारल्यावर अकरा दिवसांनी. वहीत लिहिलंय, 'मादी एकटीच. दुसरा पक्षी नाही. चार तास पाहिलं.'

नराचा आवाज घंटेसारखा, टुंग टुंग. मादीचा खरखरीत, जुनं दार ढकलावं तसा. कॅसेटवर ती दोन्ही करते, आणि घंटेची बाजू तिच्या गळ्यात जरा पातळ लागते. तिथवर ठीक. पण चौथ्या मिनिटाला तिची खरखर चालू असतानाच तिच्याखाली घंटा वाजते. पातळ नव्हे, पुरी, भरलेली. लांबून येते आहे. दोन्ही आवाज एका वेळी.

हेडफोन काढला. खोलीत मी आणि पंखा. परत लावला. परत वाजली.

मी बाईंना बोलावलं. म्हटलं, "इथे दोन आहेत. एक गळा एका वेळी दोन आवाज काढू शकत नाही."

बाई ऐकून म्हणाल्या, "पक्षी काढू शकतो. त्याची आवाजाची पेटी खाली छातीपाशी असते, श्वासनळीला दोन फाटे फुटतात तिथे. दोन्ही बाजू वेगळ्या वाजवता येतात. त्यामुळे एवढ्यावरून दोन पक्षी म्हणता येणार नाही."

"आणि माणूस?"

"माणसाची एकच, काका." हे 'काका' त्या आज पहिल्यांदा म्हणाल्या.

घरी जेवताना हिला विचारलं, "तुला काय वाटतं, एक की दोन?" ही म्हणाली, "जेवा आधी."

१७ तारीख, सोमवार

कॅसेटचं कोडं सुटलं. शनिवार-रविवार डोक्यात तेच होतं. इतकी वर्षं या धंद्यात काढून मला हे पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं.

कॅसेटवरच्या कागदावर एक्केचाळीस आकडा आहे, पण त्याखाली खोडलेला एकोणतीसही आहे. वही बघितली. एकोणतीस म्हणजे चौदा तारखेची सकाळ, जोडीचं शेवटचं गाणं. आणि समासात लिहिलंय, 'कॅसेटी संपत आल्या. जुन्यांवरच भरतो.' त्याने त्याच कॅसेटवर दुसऱ्यांदा भरलं होतं.

मग कपाटातलं यंत्र काढून तपासलं. नवीन भरताना आधीचं पुसण्यासाठी आत एक भाग असतो, तो याच्यात झिजलाय. नवा आवाज वर बसतो, पण जुना पुरता जात नाही, तळाशी राहतो. म्हणजे चौथ्या मिनिटाला ऐकू येते ती मेलेल्या नराचीच घंटा. अकरा दिवस आधीची.

पुरावाही आहे. तीन ठिकाणी मादीचं उत्तर आधी येतं आणि नराचा प्रश्न नंतर. समोर बसून बोलणाऱ्यांचं असं होत नाही. दोन वेगळ्या वेळचे आवाज एकमेकांवर पडले की होतं.

बाई एकदम खूश. "शाबास! मग रकान्यात 'एक' लिहा, आणि खाली यंत्राचा शेरा."

मी म्हटलं, उद्या लिहितो. रकाना कोराच ठेवलाय.

१९ तारीख, बुधवार

यंत्र घरी आणलं. बाईंना सांगितलं, दुरुस्त होतं का बघतो. खोटं बोललो, पण रविवारी लेक येईल तेव्हा तिच्यापुढे काहीतरी ठेवायला हवं. आणि माझ्यापुढेही. माणसाला गळा एकच असतो. दोन आवाज एकावर एक आले, तर प्रश्नच मिटला.

कॅसेट आता दुकानात मिळत नाही. हिच्या कपाटात तळाशी एक सापडली. तिच्या अक्षरात 'रिकामी' लिहिलंय, त्याआधीचं काही खोडलंय. लेक तीन वर्षांची असताना मी घरात काहीबाही भरत असे, त्यातली असणार. मला तेव्हा स्टुडिओच्या कामाला कॅसेट कमी पडली की मी हिला सांगायचो, पोरीचं बोलणं पुसून दे एखादं. हिची कुरकुर असायची, पण द्यायची. हीसुद्धा तशीच पुसून ठेवली असेल. लिहिलंच आहे तसं.

चहाच्या वेळी यंत्र स्वयंपाकघरात फळीवर ठेवलं आणि कळ दाबली. नेहमीसारखं बोललो. यंत्राकडे एकदाही बघितलं नाही.

२२ तारीख, शनिवार

तीन दिवस धीर होत नव्हता. आज अर्धा दिवस होता, दुपारी घरी येऊन ऐकली.

सुरुवातीला मी. "आज उशीर झाला." मग उत्तर, "रोजचंच आहे." हे उत्तर पातळ आहे आणि, लपवून काय करायचं, माझ्या आवाजासारखं आहे. "नवीन बाई चांगली आहे." "तुम्हाला सगळ्याच चांगल्या." तेही तसंच. वाटलं, संपलं, उद्या सामान बांधायचं.

आणि अकराव्या मिनिटाला मी चावीचं काही बोलत असताना, माझ्या बोलण्याच्या खाली, लांबून, ही म्हणते, "आले हं. दूध उतू जातंय."

ही. पातळ नाही. तिचाच आवाज, जरा तरुण वाटतो, पण तिचाच. माझं बोलणं तेव्हा चालूच आहे.

पुढे आणखी दोनदा आहे. "अहो, बघा ना काय करतेय ती." आणि "पुरे आता, बंद करा ते." एकदा तर मी "बंद करू का?" विचारायच्या आधीच ती "बंद करा" म्हणून मोकळी. ही पहिल्यापासून तशीच, विचारायच्या आधी उत्तर.

मागे कुठलंसं लहान मूल हसतं. खालच्या वहिनींकडे कोणी आलं असेल.

मी एकटा नाही. बरं वाटलं. जरा भीतीही वाटली, तीही लिहून ठेवतो. स्वयंपाकघरात जाऊन बघितलं. दूध नव्हतंच तापत ठेवलेलं.

२३ तारीख, रविवार

लेक दहाला आली. जावयाची जुनी गाडी घेऊन एकटीच. रिकाम्या दोन बॅगा आणल्या होत्या, त्या दारातच ठेवल्या. टेबलावरची दोन ताटं बघितली.

"बाबा, आधी कपड्यांचं कपाट काढू या."

"आधी हे ऐक," मी म्हटलं.

ती खुर्चीच्या कडेवर बसली. पहिल्या उत्तरांना तिने डोळे मिटून घेतले. म्हणाली, "बाबा, हा तुमचाच आवाज आहे हो. दोन्ही तुमचेच."

"पुढे ऐक."

अकरावं मिनिट आलं. "आले हं. दूध उतू जातंय."

लेक उठून उभी राहिली. मग खाली बसली. तिने स्वतःच्या हाताने कॅसेट मागे घेतली, पुन्हा ऐकली. पुन्हा मागे. यंत्राला कान लावून. मूल हसतं तिथे तर तिने थांबवलंच, आणि तोंडावर हात धरून माझ्याकडे बघत राहिली.

मी म्हटलं, "खालच्यांकडचं मूल आहे ते. आता तूच सांग. माणसाला गळे किती?"

"एक," ती म्हणाली.

"मग?"

ती कॅसेटवरचं हिचं अक्षर बोटाने चाचपत होती. शेवटी विचारलं, "बाबा, हे यंत्र तेच ना? संग्रहालयातलं? फोनवर सांगत होतात, नीट पुसत नाही ते?"

"तेच. पण कॅसेट रिकामी होती. लिहिलंय ना."

"हो," ती म्हणाली. "लिहिलंय."

मग तिने कॅसेटच्या पाठीवरचे दोन चिमुकले दात नखाने मोडले. ते मोडले की त्यावर पुन्हा कधी काही भरता येत नाही. लहानपणी मीच शिकवलं होतं तिला. म्हणाली, "ही मी नेते. माझ्याकडे नीट राहील."

मी नको म्हणत होतो, पण ती रडत होती. दिली.

बॅगा मात्र तशाच रिकाम्या घेऊन गेली. "घाई नाही, बाबा. तुमचं काम होऊ दे."

२५ तारीख, मंगळवार

घरात दोन दिवस शांतता आहे. विचारतो, आणि तिला बोलायला जेवढा वेळ लागला असता तेवढा थांबतो. मग पुढचं बोलतो. मध्ये काही येत नाही.

आज वहीतली शेवटची नोंद वाचली. 'मादी आता नराची बाजू म्हणत नाही. फक्त आपली म्हणते, आणि त्याच्या जागी गप्प बसते. बरोबर तेवढाच वेळ.'

२७ तारीख, गुरुवार

संध्याकाळी लेकीचा फोन. आवाज सर्दी झाल्यासारखा. म्हणाली, "बाबा, बोलू नका. नुसतं ऐका."

आणि तिकडून, तिच्या घरातून, ही म्हणाली, "आले हं. दूध उतू जातंय."

मी उभाच राहिलो. थोड्या वेळाने लेकीने विचारलं, "ऐकलंत?"

"ऐकलं."

"मग या ना, बाबा."

आता कळलं इथे शांतता का आहे. ही माझ्या आधीच तिकडे जाऊन बसली. सांगून जायची सवय तिला कधीच नव्हती.

लेकीला म्हटलं, रविवारी ये. तिने फोन लगेच ठेवला नाही.

२९ तारीख, शनिवार

काम संपवलं. त्रेसष्ट पत्रकं बाईंच्या टेबलावर. यंत्र परत कपाटात, जसं होतं तसं.

एक्केचाळीसच्या पत्रकात मी 'दोन' लिहिलं. बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "काका, एक ठरलं होतं ना? नर तर अकरा दिवस आधीच मेला होता."

"जागेवर किती होते ते तुमच्या रकान्यात विचारलेलं नाही. ऐकू किती येतात ते मला कळतं. दोन."

त्यांनी पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं आणि सही केली. "खाली शेरा मी लिहीन," म्हणाल्या.

खणमास्तर फाटकापर्यंत आले. लेकीकडे राहायला जातोय म्हटल्यावर म्हणाले, "चला, तुमचाही खण बदलला. जुनी चिठ्ठी कापू नका म्हणजे झालं."

३० तारीख, रविवार

सामान बांधून झालंय. दोन बॅगांत सगळं मावलं, हिच्या साड्यांसकट. गॅसची कळ बंद, खिडक्या बंद. वहिनींकडे एक चावी दिली. त्यांनी विचारलं, "एकटेच निघालात?" मी हसलो.

सगळं झाल्यावर मधल्या खोलीत उभं राहून एकदा हाक मारली. थांबलो, तेवढाच वेळ. इथे कोणी नाही.

गाडी आलीय. लेक वर आली नाही, हॉर्नही वाजवला नाही. काच खाली करून बसलीय. त्या जुन्या गाडीत कॅसेट अजून चालते. आवाज मोठा केलाय बहुतेक, दुसऱ्या मजल्यापर्यंत स्पष्ट येतो. "अहो, बघा ना काय करतेय ती." मग मूल हसतं.

मघाशी गॅलरीत जाऊन कठड्याशी उभा राहिलो. खाली लेक मान वर करून बघत होती, हात स्टिअरिंगवर, अगदी न हलता. जणू हललं तर मी परत आत जाईन. मी मान तिरकी करून ऐकत राहिलो. ही गाडीतच बसलीय, आणि माझ्यासाठी थांबलीय.

वही मिटतो. खाली जायचंय. घाई नाही.